गूढ वाक्य आणि पोकळ वाक्य: कादंबरीतल्या 'जाणत्या' पात्राच्या तोंडी काय घालावं?

माळरान

मंडळी, एका रहस्यकादंबरीचा पहिला खर्डा तयार आहे, साधारण साठ हजार शब्दांचा. गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं, लोक वरच्या माळावर नव्या गावठाणात वसलेले. जुन्या देवळाचा म्हातारा गुरव मधूनमधून कोड्यात बोलतो. त्याची सध्याची वाक्यं अशी आहेत:

"जो वाट हरवतो, त्यालाच वाट सापडते."
"पाण्याला स्मृती असते, माणसाला फक्त विसर."
"शेवट हीच खरी सुरुवात, फक्त पाहणारा बदलतो."

वाचायला दिलं की लोक म्हणतात, छान आहे, खोल आहे. पण कथेशी या वाक्यांचं काही देणंघेणं नाही असं सारखं जाणवतं. लोकप्रिय कादंबऱ्या, सिनेमे, मालिका यांत अशी वाक्यं ढिगानं असतात. काही वर्षानुवर्षं डोक्यात राहतात, बाकीची पुस्तक मिटलं की संपतात. हा फरक नेमका कशामुळे पडतो? आणि टिकणारं वाक्य लिहायचं तर सुरुवात कुठून करायची?

शब्दांगण

आधी एक गोष्ट बाजूला ठेवा: 'खोल आहे' हा अभिप्राय. त्याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही, आणि हे मोजून झालेलं आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात गॉर्डन पेनिकुक आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारदस्त शब्द संगणकानं वाटेल तसे जुळवायचे, व्याकरण तेवढं शुद्ध ठेवायचं, आणि तयार झालेली वाक्यं माणसांपुढे ठेवायची. पहिल्या प्रयोगात २८० विद्यार्थी होते आणि अशी दहा वाक्यं होती. प्रत्येक वाक्य किती गहन वाटतं याला १ ते ५ गुण द्यायचे होते. सरासरी आली २.६. म्हणजे ज्या वाक्यामागे कोणाच्याही मनात काहीही नव्हतं, तेही लोकांना बऱ्यापैकी गहन वाटलं. व्याकरण नीट असलं आणि शब्द वजनदार असले की वाचक अर्थ आपल्या पदरचा घालतो.

मराठीत हे करणं फारच सोपं आहे, कारण तत्सम शब्दांचा साठा हाताशी असतो: मौन, अनंत, शून्य, काळ, सावली, अस्तित्व, प्रवास. त्यांना 'विरघळणं, उमलणं, शोधणं, परतणं' यांपैकी एखादं क्रियापद जोडा. "मौनाच्या गर्भात अनंत स्वतःलाच शोधत असतं." आता नामांची अदलाबदल करा. "अनंताच्या गर्भात मौन स्वतःलाच शोधत असतं." दोन्ही सारखीच चालतात, कोणतं खरं आणि कोणतं खोटं हे ठरवायला काही साधनच नाही. ही पहिली चाचणी. अदलाबदल केल्यावर वाक्य बिघडत नसेल तर त्यात मुळात काही नव्हतं.

तुमचं तिसरं वाक्य असं उलटून पाहा: "सुरुवात हाच खरा शेवट, फक्त पाहणारा बदलतो." काही बिघडलं? पहिल्या वाक्याचा दोष थोडा वेगळा आहे. तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट अशा वाक्याला 'डीपिटी' म्हणत. त्याचे दोन अर्थ निघतात. एक खरा पण अगदी क्षुल्लक: हरवलं असेल तरच सापडतं. दुसरा भव्य पण खोटा: वाट चुकलेल्या प्रत्येकाला ती सापडते. वाचक खरेपणा पहिल्या अर्थाचा घेतो, भव्यपणा दुसऱ्याचा, आणि मान डोलावतो.

तिसरी_घंटा

वरचं निदान पटलं. आता बांधणीबद्दल. याचे उत्तम वस्तुपाठ दैववाणीच्या जुन्या गोष्टींत आहेत, आणि त्यांतल्या ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं दिलेल्या गोष्टी रहस्यलेखकानं पाठच कराव्यात.

लिडियाचा राजा क्रीसस ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळातल्या दैववाणीला विचारतो, पर्शियावर चाल करू का? उत्तर येतं, केलीस तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल. तो खुशीत चाल करतो आणि स्वतःचं साम्राज्य घालवतो. इथे फक्त एक गोष्ट गाळलेली आहे: कोणाचं साम्राज्य? बाकी वाक्य ठाम, तपासता येण्याजोगं आहे. कोणतंच साम्राज्य बुडालं नसतं तर ते खोटं ठरलं असतं. गूढ वाक्याचा पाया हाच. ते खोटं कधी ठरेल हे लेखकाला माहीत असलं पाहिजे. तुमच्या तीनही वाक्यांना कोणत्याच परिस्थितीत खोटं ठरता येत नाही, म्हणून ती कथेला चिकटत नाहीत.

त्याच क्रीससला दुसरं उत्तर मिळतं: मीड लोकांचा राजा खेचर होईल तेव्हा पळ काढ. खेचर कधी राजा होतं का, म्हणून तो निर्धास्त राहतो. पण पर्शियाच्या सायरसची आई मीड राजकन्या आणि बाप पर्शियन. दोन वेगळ्या कुळांचं अपत्य, म्हणजे खेचरच. किल्ली उघड्यावर पडलेली होती, क्रीससनं फक्त शब्दशः अर्थ घेतला.

सगळ्यांत बारकाईनं पाहावी ती अथेन्सची गोष्ट, इ.स.पू. ४८०. पर्शियाचा राजा झर्क्सीझ चालून येतोय आणि डेल्फी सांगते, लाकडी भिंत तेवढी अभंग राहील. शहरात दोन तट पडतात. काही म्हणतात, अ‍ॅक्रोपोलिसला (शहरातल्या टेकडीवरच्या गडाला) पूर्वी कुंपण होतं तीच ही भिंत. काही म्हणतात, लाकडी भिंत म्हणजे जहाजं. पण त्याच दैववाणीच्या शेवटी 'दिव्य सलामिस, तू मातांच्या पुत्रांचा घात करशील' असं होतं, त्यामुळे जहाजवाले घाबरले. तेव्हा अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीझ यानं एका विशेषणावर बोट ठेवलं. मरणारे आपले लोक असते तर देवानं 'क्रूर सलामिस' म्हटलं असतं, 'दिव्य' कशाला म्हणेल? म्हणजे मरणार शत्रू. मागे राहिलेल्या थोड्या लोकांनी अ‍ॅक्रोपोलिसवर फळ्यांचा आडोसा केला आणि ते मारले गेले. आरमार सलामिसला जिंकलं.

यात दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. चुकीचा अर्थही पूर्ण पटणारा आहे आणि तो धरून माणसं काहीतरी करतात, नुसती बसून चिंतन करत नाहीत. आणि बरोबर अर्थाचा पुरावा वाक्यातच आहे, एका शब्दात. उलगडा झाल्यावर वाचकाला मागे जाऊन तो शब्द दाखवता आला पाहिजे.

'मॅकबेथ'मध्ये एक पायरी पुढची आहे (शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मुळे आपल्याकडे ते कथानक परिचयाचं आहे). बर्नमचं रान डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येईपर्यंत मॅकबेथ हरणार नाही, असं भाकीत. पाचव्या अंकात मॅकबेथवर चालून आलेला राजपुत्र माल्कम सैनिकांना प्रत्येकी एक फांदी तोडून पुढे धरायला सांगतो, कारण सैन्याचा आकडा शत्रूला कळू द्यायचा नाही. भाकीत खरं करावं म्हणून तो काहीच करत नाही, त्याला ते ठाऊकही नाही. त्याच्याकडे स्वतःचं, लष्करी, व्यवहारी कारण आहे. भाकीत खरं होतं ते असं दुसऱ्याच कामाच्या ओघात. पात्रांनी मुद्दाम जुळवून आणलं की जादू गेली.

रात्रपाळी

थोडा विरोध नोंदवतो. प्रत्येक गूढ वाक्याचं कुलूप उघडलंच पाहिजे असं नाही.

'ब्लेड रनर' (१९८२) या सिनेमातलं रॉय बॅटी या कृत्रिम माणसाचं मरतानाचं भाषण घ्या. ओरायनच्या खांद्यापाशी जळणारी जहाजं, टॅनहॉयझर गेटजवळ चमकणारे सी-बीम. सिनेमात यातल्या कशाचाच खुलासा नाही. मूळ लिहिलेलं भाषण लांब होतं, नट रुटगर हाउअरनं ते छाटलं आणि पावसातल्या आसवांचं वाक्य स्वतः घातलं. ते टिकलं, कारण न कळणाऱ्या गोष्टी तिथे वस्तू आणि जागा आहेत. कोणीतरी तिथे उभं राहून पाहिलेलं आहे. 'मी अनंताचं मौन पाहिलं' असं म्हटलं असतं तर पुढच्या ओळीला काही वजनच उरलं नसतं. दावा अगदी सरळ आहे: मी हे पाहिलं आणि माझ्याबरोबर ते संपणार. संदर्भ तेवढे अनोळखी आहेत.

दुसरं उदाहरण 'ट्विन पीक्स', एका खुनाच्या तपासाची अमेरिकी मालिका. दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला (सप्टेंबर १९९०) गोळी लागून पडलेल्या कूपर या तपास अधिकाऱ्याला एक राक्षसदेही माणूस दिसतो आणि तीन गोष्टी सांगतो. हसऱ्या पिशवीत माणूस आहे. घुबडं दिसतात तशी नाहीत. रसायनाविना तो बोट दाखवतो. या तिघांची मुदत वेगवेगळी ठेवलेली आहे, त्याकडे लक्ष द्या. पहिल्याचा उलगडा जवळजवळ लगेच: इस्पितळात टांगून ठेवलेली प्रेताची रिकामी पिशवी हसऱ्या तोंडासारखी दिसते. तिसऱ्याला काही भाग जातात: एकहाती माणसाचं औषध बंद केल्यावर त्याच्या आतला दुसरा बोलू लागतो. घुबडांचं मात्र पूर्णपणे कधीच सुटत नाही. पहिलं पटकन खरं ठरलं म्हणून प्रेक्षक तिसऱ्यासाठी थांबतो, आणि दोन खरी ठरली म्हणून घुबडांवरही विश्वास ठेवतो. एक उघडं ठेवायचं असेल तर दोन फेडून दाखवावी लागतात. 'माळरान' यांनी तीनही वाक्यं उघडी ठेवली आहेत.

आणि अर्थ नेहमी आधीच ठरलेला असतो असंही नाही. त्याच मालिकेत स्वप्नातला बुटका म्हणतो, तुला आवडतं ते च्युइंगगम पुन्हा प्रचारात येणार आहे. लाल खोलीचा तो प्रसंग मुळात पहिल्या भागाच्या युरोपातल्या आवृत्तीला स्वतंत्र शेवट हवा म्हणून चित्रित झाला होता, नंतर तो मालिकेत स्वप्न म्हणून आला. एप्रिल १९९० मध्ये प्रेक्षकांनी ते ऐकलं तेव्हा निव्वळ विचित्र वाटलं. डिसेंबरमध्ये एक म्हातारा वेटर कूपरला गम देऊ करतो, शेजारचा माणूस म्हणतो लहानपणी मला हेच आवडायचं, आणि वेटर तेच वाक्य त्या माणसाला ऐकवतो. त्याच क्षणी कूपरला खुनी कळतो. इतकं विचित्र वाक्य, आणि फेड अगदी शब्दशः, घरगुती. कादंबरीकाराला तर पहिला खर्डा पुन्हा लिहिता येतो. शेवट लिहून झाल्यावर मागे जाऊन वाक्य बदलायचं. मालिकावाल्यांना ही सोय नसते.

माळरान

खूप मदत झाली. मग कथेतला उलगडाच सांगतो. खरा वारस कोण हे सिद्ध करणारे जुने कागद देवळाच्या गाभाऱ्यात आहेत. देऊळ पाण्याखाली. दुष्काळाच्या वर्षी पाणी उतरतं, देऊळ उघडं पडतं, कागद सापडतात. आणि वारस मुलगी आहे, जिथे सगळं गाव मुलगा धरून चाललंय. गुरवाला दोन्ही ठाऊक आहे. यावरून वाक्य कसं काढायचं?

तिसरी_घंटा

सत्य आधी एका सपाट वाक्यात लिहा: "ज्या वर्षी दुष्काळ पडेल त्या वर्षी जुन्या देवळाचं दार उघडं पडेल." आता यातला ऐकणाऱ्याला दुसरीकडे नेऊ शकेल असा शब्द शोधा. 'दुष्काळ' थेट आहे, तो काढा आणि परिणाम ठेवा: गाव तहानलेलं. 'जुनं देऊळ' काढा, देव ठेवा.

"गाव तहानेल त्या वर्षी देव दार उघडेल."

पहिल्या वाचनात हे भाविक वाक्य आहे: संकटात देव धावून येतो. दुसऱ्या वाचनात नुसतं हवामान आणि स्थापत्य. उलटून पाहा: "गाव तृप्त असेल त्या वर्षी देव दार उघडेल." कथेत हे धडधडीत खोटं आहे, कारण धरण भरलेलं असताना देऊळ बुडालेलं असतं. म्हणजे पहिली चाचणी पास.

आता चुकीच्या अर्थाला काम द्या. वाक्य ऐकून सरपंच नव्या गावठाणातल्या नव्या देवळाचा जीर्णोद्धार काढू दे, वर्गणी गोळा होऊ दे, नामसप्ताह बसू दे. सगळं गाव चुकीच्या दारापाशी उभं असताना खरं दार खाली चिखलात उघडं पडतंय.

आणि जुन्या देवळाकडे जाणाऱ्याला भाकिताशी संबंध नसलेलं कारण द्या. बुडालेली विहीर उघडी पडली का बघायला कोणी जाईल, किंवा मोटारीचा पाइप लांबवायला.

भीमाकाठ

प्रसंग उजनीसारख्या जलाशयाचा दिसतोय, म्हणून काही तपशील. उजनीचं पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा तुमची मूळ कल्पना पूर्ण विश्वसनीय आहे. पण कागद टिकणार नाहीत. पाण्याखाली काही दशकं गेल्यावर त्यांचा लगदासुद्धा उरत नाही, पेटीत ठेवले तरी. ताम्रपट ठेवा, नाहीतर सरळ शिलालेख: पायरीवर किंवा चौकटीच्या पट्टीवर कोरलेलं नाव. दगड चालेल, त्याला हलवावंही लागत नाही.

दुसरं, देऊळ उघडं पडतं म्हणजे कोरडं होतं असं नाही. गाभाऱ्यात गाळ भरलेला असतो, दार अर्ध्याच्या वर बुजलेलं असतं. वरचा थर तडकलेला दिसतो पण खाली पाय रुततो. दार उघडायला दोन-तीन माणसं, फावडी, घमेली आणि निदान एक दिवस लागेल. तुमच्या उत्कर्षबिंदूला हा वेळ फार उपयोगी आहे: वरच्या माळावर सप्ताहाचं काल्याचं कीर्तन चालू आणि खाली गाळ उपसणं चालू.

तिसरं, पाणी सर्वांत खाली असतं ते पाऊस पडायच्या आधी, मे अखेर ते जून. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, म्हणजे तिथे माणसांची ये-जा असतेच. 'दार कोणालाच दिसलं नाही' हे टिकवायचं तर देऊळ पाण्याने अजून तीन बाजूंनी वेढलेलं ठेवा.

आणि हा गुरव गावचा आहे. त्यानं 'स्मृती', 'विसर' म्हणू नये. "ज्या साली गाव तहानंल, त्या साली देव दार उघडंल." एवढंच.

कीर्तनरंग

आपल्याकडच्या कूट अभंगांकडे पाहिलं तर 'शब्दांगण' यांच्या चाचणीला जोड मिळते. मुक्ताबाईंच्या नावावरचा "मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी" हा अभंग वरवर असंबद्ध आहे. पण पुढे विंचू पाताळात जातो आणि शेष त्याच्या पायांना वंदन करतो, माशी व्याली आणि घार झाली. प्रत्येक जोडीत क्षुद्र वस्तू मोठीवर मात करते. वेदान्ताची परिभाषा नसलेल्या श्रोत्यालाही हा नियम ऐकू येतो. ज्ञानदेवांच्या नावावरच्या "काट्याच्या अणीवर वसले तीन गाव" मध्ये नियम साखळीचा आहे: तिघांतले दोन निकामी, तिसरा नाहीच, आणि त्या 'नाही'तूनच पुढची ओळ सुरू होते. न वसलेल्या गावात कुंभार येतात, न घडवू शकणारा कुंभार मडकी घडवतो.

कादंबरीत गुरवाची दोन-तीन वाक्यं असतील तर त्यांनाही असा एक नियम द्या. उदाहरणार्थ, तो कायम पाण्याचा आणि दाराचा हिशेब मांडतो. मग वाचकाला पात्राचा मेंदू कळतो, प्रत्येक वेळी नवा सुविचार ऐकल्यासारखं वाटत नाही.

एक सावधगिरी. अभंगाच्या मागे कीर्तनकार उभा असतो, तो अर्थ सोडवून देतो, आणि श्रोत्याचा संतांवर आधीच विश्वास असतो. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ डान स्पर्बर यांनी २०१० साली या परिणामावर निबंध लिहिला होता: बोलणाऱ्याबद्दल आदर असेल तर माणसं न कळण्यालाच खोलपणाची खूण मानतात. तुमच्या गुरवाबद्दल वाचकाला पहिल्या पानावर कसलाच आदर नसतो, तो कमवावा लागतो. कोड्यात बोलण्याआधी त्याला एक साधी, कामाची गोष्ट सरळ भाषेत अचूक सांगू द्या. कोणत्या बाजूचा बांध खचणार, कोणाची विहीर आधी आटणार. ते चार पानांत खरं होऊ द्या. मग तो कोड्यात बोलला की लोक कान देतील.

शब्दांगण

वारस मुलगी आहे हे लपवायचं, तर मराठीत व्याकरण आडवं येतं, त्याची काळजी आत्ताच घ्या. भूतकाळ लिंग फोडतो (आला, आली), साधा वर्तमानही फोडतो (येतो, येते). भविष्यकाळ फोडत नाही: 'येईल', 'सांगेल', 'जाणार नाही' हे दोघांना सारखंच. कर्ता गाळा, म्हणजे 'तो/ती' टळेल. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, त्यामुळे 'नाव सांगितलं', 'दार ओळखलं' हेही कर्ता गाळून वापरता येतं. विशेषणांत 'एकटा', 'धाकटा' टाळा. 'अनाथ', 'थोर', 'निर्भय' चालतील. 'जो/जी'च्या जागी आदरार्थी 'ज्यांनी' नको, खेड्यातल्या गुरवाच्या तोंडी ते कृत्रिम वाटेल.

दुसरं वाक्य असं करता येईल: "पाण्यातनं वर येईल आन् नाव सांगंल." गाव माणसाची वाट पाहील, कदाचित धरणग्रस्तांपैकी शहरात गेलेल्या एखाद्या मुलाची. वर येतो तो दगड. 'नाव सांगेल' हे शिलालेखाला अक्षरशः लागू पडतं, आणि त्यावरचं नाव बाईचं निघतं.

साठ हजार शब्दांत गुरवाची अशी तीन वाक्यं पुरेत. एक पहिल्या चौथाईत देऊन पन्नास पानांच्या आत फेडा, ही दोन शेवटापर्यंत राहू द्या. वाक्य परिच्छेदाच्या शेवटी एकटं टांगू नका, तिथे ते स्वतःकडे बोट दाखवतं. वर्गणीची भांडणं चालू आहेत, चहा आलाय, मधेच गुरव बोलतो आणि भांडण पुढे चालू राहतं, असं ठेवा.

चाचणीसाठी ते पान तीन-चार जणांना द्या, पण 'कसं वाटलं' विचारू नका. 'पुढे काय घडणार असं हा म्हातारा सांगतोय, एका ओळीत लिहा' असं विचारा. सगळ्यांनी देऊळ वर येणार असं लिहिलं तर वाक्य फार उघडं आहे, 'तहानेल' आणि 'दार' यांतलं अंतर वाढवा. प्रत्येकानं वेगळं पण ठोस काही लिहिलं आणि वाक्यातल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवलं, तर तसंच राहू द्या. कोणालाच घटना लिहिता आली नाही, नुसतंच जीवनाबद्दल काहीतरी लिहिलं, तर वाक्य काढून पुन्हा सपाट सत्यापासून सुरुवात करा.

माळरान

कागदांच्या जागी चौकटीच्या पट्टीवरचा शिलालेख घेतो. एक शंका राहिली: मूळ दुसरं वाक्य, पाण्याला स्मृती असते ते, पूर्ण काढू का?

तिसरी_घंटा

गुरवाकडून काढा. ठेवायचंच असेल तर सप्ताहाच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याच्या भाषणात घाला. तिथे लोक त्यावर टाळ्या वाजवतील, आणि दोन पानं आधी गुरव जे बोलला ते कोणीच ऐकलेलं नसेल.